मागच्या चाकाला छत्तीस तारा द्या

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत नवी सायकल घेणाऱ्यांसाठी एक लेख होता. फ्रेमची उंची, गिअर, सीट यांबद्दल त्यात उपयोगाचे बरेच काही होते. चाकांबद्दल मात्र एकच ओळ होती: चाके जितकी हलकी मिळतील तितकी घ्यावीत. चालवणाऱ्याच्या वजनाचा विचार पूर्ण लेखात एकदाही आला नाही. माझे वजन १०६ किलो आहे. चार वर्षांपासून मी रोज सायकलने कामावर जाते, आणि हीच ओळ खरी मानल्यामुळे माझे चौदा हजार रुपये गेले. पत्र लांबले आहे, तरी शक्य असेल तर पूर्ण छापावे. ज्यांच्यासाठी लिहिते आहे त्यांना हे दुकानात कोणी सांगत नाही.

मी नागपूरच्या मानेवाडा भागात राहते, वय अठ्ठेचाळीस. सिव्हिल लाईन्समधल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. तुकडोजी पुतळा, मेडिकल चौक, बैद्यनाथ चौक, कॉटन मार्केट, लोहापूल, मग झिरो माईलवरून पुढे, असा जाऊन-येऊन सोळा किलोमीटरचा माझा रस्ता. बराचसा सिमेंटचा. डांबरी रस्त्याचा खड्डा निदान दुरून दिसतो. सिमेंटच्या दोन पट्ट्यांमधली फट, गट्टू जिथे रस्त्याला लागतात तिथली उभी कड, रस्त्यापेक्षा चार बोटे खाली राहिलेले गटाराचे झाकण, हे चाक आदळल्यावरच कळते. पावसाळ्यात लोहापुलाखाली पाणी साचले की तेही कळत नाही.

गुडघे दुखायला लागले तेव्हा डॉक्टरांनी चालण्यापेक्षा सायकल बरी असे सांगितले. सायकलवर शरीराचा भार सीटवर असतो, गुडघ्यावर प्रत्येक पावलाचा दणका बसत नाही. मी एक हायब्रिड सायकल घेतली. मागे सात गिअर, दोन्ही चाकांना बत्तीस-बत्तीस तारा (स्पोक). तिसऱ्या महिन्यात मागचा एक्सल, म्हणजे चाकाचा आस, वाकला. तो बदलला, तर महिन्याभरात मागची एक तार तुटली. आठवड्याने दुसरी. मग मी मोजायचे सोडले आणि तुटलेल्या तारा स्वयंपाकघराच्या खणात टाकत गेले. एके दिवशी कॉटन मार्केटजवळ एकदम दोन तुटल्या, चाक ब्रेकला घासायला लागले, आणि मी सायकल ढकलत दुकानात नेली. दुकानदार शांतपणे म्हणाला, "ताई, सायकल तुमच्या वजनाची नाही. आधी वजन कमी करा, मग चालवा."

तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरेच तसे वाटत होते. पण त्या दिवशी घरी येताना मला रडू आले, कारण वजन कमी होण्यासाठी जे करायचे तेच मला वजनामुळे करता येणार नाही, असा त्याचा अर्थ होता. आणि आज चार वर्षांनी मी खात्रीने सांगते की त्याचे म्हणणे चुकीचे होते.

माझे बाबा मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. खणातल्या तारा त्यांनी बघितल्या आणि चष्मा वर करून एकेक तार उजेडात धरली. अकरापैकी अकरा तारा एकाच जागी तुटल्या होत्या, हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्याच्या, भोकातून निघून तार जिथे वळते त्या कोपरावर. मधोमध एकही नाही. बाबांनी तुटलेले टोक मला भिंगातून दाखवले. अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत, मळकट. उरलेला खरखरीत आणि चमकदार. "हे जोर पडून तुटलं नाही. थकून तुटलं," ते म्हणाले. "मळका भाग दिसतो ना, ती चीर जुनी. रोज थोडी थोडी वाढत गेली. चमकतो तेवढाच भाग शेवटच्या दिवशी तुटला."

धातू थकतो हे रेल्वेच्या माणसांना फार लवकर कळले. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा आस तुटून भयंकर अपघात झाला, आणि पुढे ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे अभियंत्याने वर्षानुवर्षे आसांवर प्रयोग करून दाखवले की एका दणक्याला सहज पेलणारे लोखंड, त्याहून कितीतरी कमी भार लाखो वेळा आलटून-पालटून दिला तर तुटते. बाबांनी हे पुस्तकात कमी आणि कामावर जास्त शिकले. लहानपणी नागपूर स्टेशनवर लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांची चाके ठोकत जाणारा माणूस ते मला दाखवत. चांगल्या चाकाचा आवाज घुमतो, चिरलेल्याचा बसका येतो. त्या दिवशी त्यांनी माझ्या सायकलच्या तारा बोटाने छेडून दाखवल्या. उजव्या बाजूच्या वाजल्या. डाव्या बाजूच्या अर्ध्याअधिक नुसत्या थडथडल्या.

सगळा घोटाळा त्या सैल तारांत होता. तो नीट समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले, म्हणून इथे जरा थांबून सांगते.

आपल्याला वाटते की सायकलच्या तारा खांबासारख्या भार पेलतात. दोन मिलिमीटरची तार खांब कशी होणार? ती दाबली तर वाकेल. तार फक्त ओढ सहन करते. म्हणून चाक बांधतानाच प्रत्येक तार ताणून ठेवलेली असते. माझ्या आताच्या मागच्या चाकात उजव्या बाजूच्या एकेका तारेवर ११० किलोच्या आसपास ओढ आहे. म्हणजे मी सायकलवर बसण्याच्या आधीच एकेक तार माझ्या पूर्ण वजनापेक्षा जास्त ओढ सहन करत उभी आहे. मी बसले की जमिनीकडच्या तीन-चार तारांची ओढ थोडी कमी होते. भार पेलला जातो तो असा. चाक फिरले की त्या तारा पुन्हा ताणल्या जातात आणि पुढच्या सैलावतात. माझ्या टायरचा घेर दोन मीटर आणि वर सतरा-अठरा सेंटीमीटर आहे. सोळा किलोमीटरला सात हजारांवर फेऱ्या होतात. वर्षाला अडीचशे दिवस धरले तर अठरा लाख. एकेक तार वर्षातून अठरा लाख वेळा सैलावते आणि ताणली जाते.

आता हिशोब बघा. मी, चौदा किलोची सायकल आणि डबा-पाण्याची पिशवी मिळून १२३ किलो होतात. त्यातला साधारण साठ टक्के भार मागच्या चाकावर, म्हणजे चौऱ्याहत्तर किलो. तो खालच्या तीन-चार तारांत वाटला तर एकेकीची ओढ वीस-पंचवीस किलोने उतरते. गट्टूच्या कडेवर आदळले तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. ज्या तारेवर ११० किलो ओढ आहे तिला हे पचते. जिच्यावर जेमतेम चाळीस आहे ती प्रत्येक दणक्याला पार ढिली पडते, कोपरावर इकडून तिकडे हलते, तिला रिमशी आवळून धरणारे निप्पल सुटत जाते, आणि काही महिन्यांनी ती तुटते. मागच्या चाकात उजवीकडे गिअरच्या चकत्यांना जागा द्यावी लागते, त्यामुळे रिम हबच्या मधोमध न बसता उजवीकडे सरकलेली असते. उजवीकडच्या तारा उभ्या आणि ताठ, डावीकडच्या पसरट आणि मुळातच कमी ताणाच्या. कारखान्यात यंत्राने झटपट बांधलेल्या स्वस्त चाकात उजवी बाजूच पुरेशी ताणलेली नसते, मग डावीची काय कथा. माझ्या अकरा तारांपैकी आठ डावीकडच्या होत्या.

म्हणजे चाक मोडले ते मी जड म्हणून, हे अर्धेच खरे. तेच सैल चाक साठ किलोच्या माणसाच्या सायकलीतही थकलेच असते, फक्त जास्त वर्षांनी, आणि तोवर त्याने सायकल विकलेली असती.

हे सगळे कळायच्या आत मी दोन चुका केल्या. पहिली छोटी. एकाने स्टीलची रिम बसवून दिली, "ही हत्तीलाही पेलेल" म्हणून. एका पदराची स्टीलची रिम जड असते, एकदा वाकली की वाकलेलीच राहते, आणि पावसात तिच्यावर ब्रेकचे रबर धरत नाही. मेडिकल चौकात एका ऑटोच्या मागे मी थांबता थांबता राहिले, त्याच आठवड्यात ती काढली.

दुसरी चूक महाग होती. एका मोठ्या दुकानात मला चोवीस तारांची हलकी, परदेशी जोडी दाखवली. दिसायला सुंदर, हातात घेतली तर विश्वास बसू नये इतकी हलकी. "चाकाचं वजन कमी झालं की सायकल उडते," विक्रेता म्हणाला. माझ्याकडे बघूनही त्याला काही विचारावेसे वाटले नाही. डब्यातल्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहिले होते की चालवणारा, सायकल आणि सामान मिळून १०० किलोच्या वर भार नको. ते मी पाच महिन्यांनी वाचले, जेव्हा मागच्या रिमला तारेच्या तीन भोकांपासून केसाएवढ्या चिरा गेलेल्या दिसल्या. तारा कमी असल्या की प्रत्येकीला जास्त ताणावे लागते, आणि तो सगळा ताण पातळ रिमच्या थोड्या भोकांवर एकवटतो. पैसे परत मिळाले नाहीत, कारण नियम पुस्तिकेत छापलेला होता. चौदा हजार. मी पुस्तिका आधी वाचायला हवी होती हे मान्य. पण १०६ किलोच्या ग्राहकाला ती वस्तू विकताना तोंडाने एक वाक्य सांगणे हे विक्रेत्याचे काम होते, असे मला आजही वाटते.

उत्तर शेवटी सापडले ते इतवारीत. जुन्या काळ्या सायकली दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत, बाबांच्या ओळखीचे. त्यांनी माझी सायकल बघायच्या आधी दारातली एका दूधवाल्याची सायकल मला दाखवली. "ताई, मोजा मागच्या तारा." चाळीस होत्या. पुढे बत्तीस. आपल्याकडच्या जुन्या मोठ्या सायकलींना पुढे बत्तीस आणि मागे चाळीस तारा ही पद्धतच होती, कारण मागे माणूस, कॅरिअरवर दुसरा माणूस किंवा दुधाच्या बरण्या. भरलेले एक गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास भरते. दोन-दोन सिलिंडर लटकवून नेणारे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्या चाकांना कोणी वजन कमी करायला सांगितले नाही. दोघांनी मिळून चालवायच्या टॅन्डम सायकलीलाही परदेशात छत्तीस, चाळीस, अठ्ठेचाळीस तारांची चाके असतात. जास्त भाराला जास्त तारा, हे ज्ञान आपल्या मिस्त्रींकडे होतेच. गिअरच्या सायकली आल्या, तयार चाके आली, आणि ते मागे पडले.

त्यांनी माझ्यासाठी बांधलेले मागचे चाक असे आहे. अ‍ॅल्युमिनियमची दोन पदरांची रिम, छत्तीस भोकांची, प्रत्येक भोकाला धातूची कडी बसवलेली, म्हणजे निप्पलचा दाब नुसत्या पातळ पत्र्यावर येत नाही. रिम आतून एकोणीस मिलिमीटर रुंद. तारा स्टेनलेस स्टीलच्या, दोन्ही टोकांना दोन मिलिमीटर आणि मध्ये १.८ मिलिमीटर. निप्पल पितळेचे. अ‍ॅल्युमिनियमचे निप्पल घेतले तर एका चाकात वीस-पंचवीस ग्रॅम वाचतात, पण ते पावसापाण्यात गंजून चिकटतात आणि आउट (फिरताना चाक डुलते तो वाकडेपणा) काढायला गेले की फुटतात. हब कॅसेटचा, आठ गिअरचा, १३५ मिलिमीटर रुंदीचा. तारांची विण तीन क्रॉस, म्हणजे एकेक तार हबपासून रिमपर्यंत जाताना दुसऱ्या तीन तारांना ओलांडते.

हबबद्दल दोन शब्द वेगळे लिहायला हवेत, कारण एक्सल वाकण्याचे मूळ तिथे होते. जुन्या पद्धतीच्या फ्रीव्हीलमध्ये सगळ्या चकत्या हबच्या बाहेर आट्यांवर बसतात आणि उजवीकडचे छर्रे खूप आत राहतात. चकत्यांच्या रुंदीएवढा एक्सल आधाराशिवाय लोंबतो. सात चकत्या आणि वर शंभर किलोचा माणूस, तो वाकणारच. कॅसेटच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे पार टोकाजवळ असतात, एक्सलला दोन्ही टोकांना आधार मिळतो. माझ्यासारख्यांनी नवी सायकल घेताना बाकी काही विचारले नाही तरी चालेल, मागे फ्रीव्हील आहे की कॅसेट एवढे विचारावेच. जास्त गिअरचा मोहही टाळावा. अकरा चकत्यांसाठी रिम आणखी उजवीकडे सरकते आणि डाव्या तारा आणखी ढिल्या राहतात. नागपूरसारख्या सपाट शहरात आठ पुरतात. फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्स चढतानाही मला नववा लागला नाही.

आता त्या तारांकडे येते, कारण या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. मध्ये बारीक केलेली तार कमजोर असेल असे मलाही वाटले होते. ती चांगली आहे हे मिस्त्रींना अनुभवाने माहीत होते; त्यामागचे कारण मला बाबांनी सांगितले. मधला भाग बारीक म्हणून ती तितक्याच ओढीला थोडी जास्त लांबते, रबरासारखी. रिम दणक्याला आत दबली तरी जास्त लांबलेल्या तारेत अजून ओढ शिल्लक राहते. ती पार ढिली पडत नाही आणि भार शेजारच्या तारांनाही वाटला जातो. कोपर मात्र दोन मिलिमीटरचेच, जिथे तुटते तिथे जाडी कमी केलेली नाही. शिवाय ती हलकी असते. मी आमच्या प्रयोगशाळेतल्या काट्यावर दोन्ही तारा तोलल्या. सरळ दोन मिलिमीटरची तार सात ग्रॅमची भरली, मध्ये बारीक केलेली सहा ग्रॅमची. माझ्या जुन्या चाकातल्या बत्तीस सरळ तारा २२४ ग्रॅम. नव्या चाकातल्या छत्तीस तारा २१६ ग्रॅम. चार तारा वाढल्या, चाक मजबूत झाले आणि तारांचे वजन आठ ग्रॅमने घटले. पूर्ण चाक बाराशे ग्रॅमच्या किंचित आत आले, कंपनीच्या मूळ चाकापेक्षा शंभरेक ग्रॅमने हलके.

चोवीस तारांच्या त्या सुंदर चाकापेक्षा मात्र ते तीनशे ग्रॅमने जड आहे. या तीनशे ग्रॅमला किती घाबरायचे? माझ्या १२३ किलोत तीनशे ग्रॅम म्हणजे पाव टक्का. रिमजवळचे वजन फिरते म्हणून वेग घेताना ते दुप्पट मोजावे लागते असे म्हणतात, ते बरोबर आहे. दुप्पट केले तरी अर्धा टक्का. पाच मिनिटांच्या चढावर मला पाऊण सेकंद उशीर होतो. शर्यतीत पाऊण सेकंदाला किंमत आहे. याच शहराच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची शर्यत एकट्याने पूर्ण केली, त्याचा मला नागपूरकर म्हणून अभिमान आहे, आणि सकाळी वर्धा रोडवर शर्यतीचा सराव करणारी मुले दिसली की बरे वाटते. त्यांनी हलकी चाके जरूर घ्यावीत. मला सकाळी दहाला प्रयोगशाळेचे कुलूप उघडायचे असते. तिथे पाऊण सेकंद गेला तर चालतो, तुटलेली तार चालत नाही.

हलकेपणा कुठे घ्यायचा तेही सांगते, कारण जड माणसाने सगळेच जड घ्यावे असे मी म्हणत नाही. पुढच्या चाकावर चाळीस टक्केच भार असतो आणि रिमचा ब्रेक असेल तर ते दोन्ही बाजूंनी सारखे असते, कुठली बाजू ढिली राहत नाही. तिथे बत्तीस तारा आणि थोडी हलकी रिम मला पुरली.

आणि टायर. खरे तर सुरुवात इथूनच करावी, कारण खर्च सगळ्यात कमी आणि फरक सगळ्यात जास्त. हलक्या चाकांसोबत मला अठ्ठावीस मिलिमीटरचे टायर दिले होते. माझ्या वजनाला त्यात शंभर पीएसआयच्या (हवेच्या दाबाचे माप) वर हवा भरावी लागे, तरी कडेवर आदळले की ट्यूब रिममध्ये चिमटली जाऊन सापाच्या दातांसारखी दोन भोके पडत. आता सदतीस मिलिमीटरचे आहेत. मागे पासष्ट आणि पुढे पन्नास पीएसआय हवा ठेवते. दणका आधी टायर खातो, उरलेला चाकाला मिळतो. उन्हाळ्यात एक काळजी घ्यावी लागते. पहाटे भरलेली हवा दुपारच्या पंचेचाळीस अंशांत फुगते. वीस अंश तापमान वाढले तर पासष्टची जवळपास सत्तर होते. मे महिन्यात मी सकाळी दोन-तीन पीएसआय कमी भरते आणि सायकल सावलीत लावते. हवा मोजायचा पंप घरी असणे माझ्या मते हेल्मेटच्या खालोखाल गरजेचे आहे.

चाक बांधून झाल्यावर मिस्त्रींनी जे केले ते मला कुठल्याच दुकानात दिसले नव्हते. त्यांनी समांतर जाणाऱ्या तारांच्या जोड्या हातात धरून पूर्ण जोराने आवळल्या, सगळ्या चाकभर. तारा कडकड वाजल्या, कोपरे हबच्या भोकात नीट बसले. मग पुन्हा आउट काढला, पुन्हा आवळल्या. असे चार वेळा. शंभर किलोमीटर झाल्यावर परत बोलावले आणि पुन्हा तपासले. या कामाला त्यांना अर्धा दिवस लागला. रिम, हब, तारा, मजुरी सगळे धरून मला सहा हजारांच्या आसपास पडले; त्यातली मजुरी इतकी कमी होती की मी आग्रहाने जास्त दिली.

त्याला अडीच वर्षे झाली. साडेनऊ हजार किलोमीटरच्या वर झाले. त्या चाकाची एकही तार तुटलेली नाही. आउट दोनदा काढला, दोन्ही वेळा किंचित. दर रविवारी सकाळी बाबा खुर्ची घेऊन अंगणात बसतात, मी चाक हळूहळू फिरवते आणि ते बोटाने एकेक तार छेडत जातात. त्यांना आता कमी ऐकू येते, पण बसका आवाज अजून बरोबर पकडतात.

संपादक महोदय, माझ्या मागण्या थोड्या आहेत. सायकलवर लेख छापाल तेव्हा चालवणाऱ्याचे वजन किती असेल याचा विचार त्यात यावा. लिफ्टमध्ये किती माणसे आणि किती किलो, हे दारावर लिहिलेले असते. चाक किती भार पेलते हे पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर न लिहिता विक्रेत्याने तोंडाने सांगावे, आणि ग्राहकाचे वजन विचारताना त्याने लाजू नये. आदराने विचारले तर आम्हाला राग येत नाही. शहरातल्या दुकानदारांनी छत्तीस भोकांच्या दोन पदरी रिम आणि मध्ये बारीक तारा ठेवाव्यात. मागणी नाही असे ते म्हणतात. मागणी नाही कारण आमच्यासारख्यांची सायकल तिसऱ्या महिन्यात मोडते, मग ती गच्चीवर जाते, आणि आम्ही स्कूटी घेतो. रस्त्यावर जाड माणसे सायकल चालवताना फारशी दिसत नाहीत याचे कारण लोक आळस समजतात. मी गच्चीवर गंजत पडलेल्या अशा चार सायकली माझ्याच गल्लीत दाखवू शकते. चारही सायकलींच्या मागच्या चाकांच्या डाव्या तारा तुटलेल्या आहेत.

आणि हाताने चाक बांधणाऱ्या मिस्त्रींकडून कोणीतरी शिकून घ्यावे. आयटीआयमध्ये किंवा शाळांच्या कार्यशाळेत हे शिकवता येईल. एक हब, एक रिम, छत्तीस तारा आणि एक निप्पलची चावी, एवढ्याच साहित्यात मुलांना ताण, भार आणि धातूचा थकवा हातात कळेल. इतवारीतले मिस्त्री सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांचा मुलगा मोबाईलच्या दुकानात असतो.

आमच्या ग्रंथालयात काम करणारी एक मैत्रीण आहे, वजन ११८ किलो. दोन वर्षे ती माझी सायकल रोज बघत होती, मागच्या आठवड्यात पहिल्यांदा म्हणाली, "मलाही जमेल का गं?" तिच्यासाठी मी मिस्त्रींना फोन केला. छत्तीस भोकांच्या दोनच रिम उरल्या आहेत म्हणाले. त्यातली एक त्यांनी आमच्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे, शनिवारी दुपारी आम्ही दोघी जाणार आहोत.

आपली नम्र,
एक वाचक, मानेवाडा, नागपूर
(नाव छापू नये ही विनंती.)